एप्रिलची काडी, डिसेंबरचं कडं

द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात, हे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या अथणी, तिकोटा, तासगाव या पट्ट्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. फळ उतरलं, बागेला पंधरा-वीस दिवस विश्रांती मिळाली की एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काडी तळाशी कापून टाकायची. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. दोन्ही वेळेला मांडवाखाली काड्यांचा खच पडतो. अथणी तालुक्यातल्या एका गावात याच काड्या ओढून बांधावर नेऊन टाकण्याची मजुरी करणाऱ्या बायकांचा बचत गट आहे. त्या गटाने काड्यांपासून दारावर लावायची सजावटीची गोल कडी, इंग्रजीत ‘रीथ’ म्हणतात ती, करायला घेतली. हे प्रकरण त्यांच्या तीन हंगामांचं आहे. मी बेळगावात वाळलेल्या फुला-पानांची सजावट शिकवते. पहिला हंगाम वाया गेल्यावर गटाने मला बोलावून घेतलं, म्हणून पहिल्या वर्षाचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे आणि पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं.

कल्पना गटाची नव्हती. बेळगावातल्या एका सजावटीच्या दुकानदाराला नाताळासाठी वेलींची कडी हवी होती. बेळगावचा कॅम्प, खानापूर आणि घाटाखालचा गोवा इथे ख्रिस्ती कुटुंबं बरीच. नाताळात दारावर हिरवं कडं लावायची रीत आहेच, शिवाय नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेण्याचं आगमनकाळाचं कडं चर्चमध्ये आणि घरात ठेवतात. ही चाल जर्मनीतली. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिक विखर्न या पाद्र्याने अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून ती सुरू केली. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. म्हणजे दुकानात माल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवा. या तारखेवर पुढचं सगळं गाडं अडलं.

पहिला हंगाम: मोळ्या

दुकानदाराने मार्चमध्ये सांगितलं, काड्या जमवून ठेवा, दिवाळी झाली की बघू. बायकांनी एप्रिलच्या छाटणीत काड्यांच्या मोळ्या बांधून बांधावर रचल्या. त्यांच्यावर मे महिन्याचं ऊन पडलं, मग जून ते सप्टेंबर पाऊस पडला, पुन्हा ऊन पडलं. ऑक्टोबरात मोळ्या सोडल्या तर वरच्या काळ्या पडलेल्या आणि आतल्या कडकडीत. वाकवली की पेरात मोडे. पिपात रात्रभर भिजवून पाहिल्या. साल मऊ होऊन पट्ट्या सुटल्या, पण गाभा तसाच राहिला.

मग ऑक्टोबरच्या ताज्या काड्या घ्यायचं ठरलं. तिथे दुसरी अडचण निघाली. फळछाटणीत काडीचा खालचा भाग वेलीवरच ठेवतात, त्यातूनच पुढचा घड येणार असतो. शेंड्याकडचा तुकडा तेवढा पडतो, तो आखूड आणि बारीक. शिवाय पावसाळाभर भुरी, केवडा, करपा या रोगांवर केलेल्या फवारण्या काडीवर ताज्या असतात, मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा निळसर-पांढरा थर तर डोळ्यांना दिसतो. ती काडी तासन्‌तास उघड्या हातांनी वळायची म्हणजे हाताची आग. तरीही बायकांनी तुकडे तारेने जोडून कडी केली. ती अशक्त दिसत होती. दुकानदाराने थोडी ठेवून घेतली, बाकीची परत केली.

गटाच्या अध्यक्ष, ज्यांना सगळ्या आक्का म्हणतात, त्यांनी मला पहिल्या भेटीत एकच गोष्ट सांगितली आणि पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं. “बाई, काडी ओढताना आमच्या दंडाला गुंडाळती, साप गुंडाळावा तशी. सांजच्याला बांधावर टाकायला जावं तर तीच काडी टोचती.” म्हणजे काडी वळण्याची वेळ ऑक्टोबर नव्हे, काडी कापल्या दिवसाची दुपार. अथणीच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे असतो, कापलेल्या काडीतलं पाणी एका दिवसात उतरतं. काड्या साठवून चालणार नाही. वळलेली कडी साठवायची.

ऐकायला सोपं आहे. पण त्याने कामाची सगळी मांडणी बदलली. वळणं आणि सजवणं ही दोन वेगळी कामं झाली, दोन वेगळ्या ऋतूंमधली, आणि माझ्या मते दोन वेगळ्या गावांमधली. हे तिसऱ्या वर्षीच नीट जुळलं.

बागेतलं वळण

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मी बागेत गेले. लांब काड्याच मिळेनात. छाटणी करणारी टोळी उक्त्यावर येते, एकरी दर ठरलेला असतो, वेळ म्हणजे पैसा. काडीचे तणावे मांडवाच्या तारांना घट्ट वेढे घालून बसलेले असतात, म्हणून टोळी काडी तळाशी कापते आणि तारेतून सुटावी म्हणून मध्येही दोन-तीन ठिकाणी कापते. आमच्या हाती पडायचे ते वीत-दोन वीत तुकडे.

टोळीतले गडी कानडी बोलणारे, बायका मराठी. पण काम करता करता दोन्ही भाषा दोघांच्या तोंडात असतात. बोलणी आक्कांनीच केली. टोळीने तळाचा काप तेवढा द्यायचा, तारेवरून काडी सोडवण्याचं काम बायकांचं. टोळीचे मधले काप वाचले, म्हणून त्यांनी खळखळ केली नाही. बायकांनी लहान कात्रीने तारेजवळ तणावा कापायचा आणि काडी अखंड खाली घ्यायची. काडीवर उरलेले तणावे तसेच ठेवायचे. ते वाळल्यावर स्प्रिंगसारखे आवळतात आणि कड्याला खरं रूप तेच देतात. गुळगुळीत केलेलं वेलीचं कडं मला निर्जीव वाटतं.

बागमालकाचा आक्षेप वेगळा होता आणि तो योग्य होता. काडी कचरा नाही. कुट्टी करून चरात गाडली तर ती जमिनीचं खाद्य आहे, आणि या काळ्या जमिनीला सेंद्रिय भर हवीच. वेलीच्या काड्यांची विल्हेवाट म्हणून कडी करा, असं कोणी सांगत असेल तर ते बागेचा हिशेब न जाणता सांगतं. कड्यांना लागणारी काडी एकूण काड्यांच्या मानाने चिमूटभर. तडजोड अशी झाली की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चार फुटांच्या वरच्या, निरोगी काड्या गटाच्या, बाकी सगळ्या कुट्टीला. करप्याचे डाग असलेल्या किंवा खोडकिडीची भोकं दिसणाऱ्या काड्या दोघांच्याही नाहीत, त्या जाळायच्या.

वळायची रीत सांगते, कारण यातल्या बारकाव्यांवर कड्याचं आयुष्य ठरतं. चौदा इंची कड्याला चार-पाच काड्या लागतात. पानं झाडून टाकायची. काडी हातात धरून दोन्ही अंगठ्यांनी पेरांच्या मधल्या भागात आधी हलकेच लवती करायची, कारण ती मोडते ती पेरात, आणि मधला भाग लवला की पेरावरचा ताण कमी होतो. पहिल्या काडीचं वर्तुळ करून शेंड्याचं टोक त्याच वर्तुळाभोवती खाली-वर घालत न्यायचं. दुसरी काडी पहिलीच्या बुंध्यापासून सुरू करायची नाही, पाव वर्तुळ पुढे सरकून बुंधा आत खोचायचा. तिसरी आणखी पुढे. सगळे जाड बुंधे एकाच बाजूला आले की कडं तिरपं होतं आणि भिंतीवर कधीच सरळ बसत नाही. वेढ्यांची दिशा शेवटपर्यंत एकच. चार ठिकाणी सुतळीने आवळून ठेवायचं, वाळल्यावर सुतळी काढायची. तार कुठेच लागत नाही.

हे मी शिकवायला गेले होते. खरं तर मला फार शिकवावं लागलं नाही. डोक्यावर घागर, पाटी घेणाऱ्या बायकांनी जन्मभर गवताची, चिंध्यांची चुंबळ वळलेली असते, आणि कड्याचा पाया म्हणजे मोठी चुंबळच. पीळ किती आवळायचा, टोक कुठे दडवायचं हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. मी फक्त माप बांधून दिलं. फळीवर वर्तुळात खिळे ठोकले आणि त्यांच्याभोवती काडी फिरवायला लावली. तोवर कोणी घमेल्याच्या काठावर वळत होतं, कोणी सायकलच्या रिंगवर. दुकानदाराला एकसारखी मापं हवी होती. हात बसल्यावर एक कडं पंधरा-वीस मिनिटांत होऊ लागलं.

बेळगावचा पाऊस

दुसऱ्या वर्षी कडी उत्तम झाली, आणि तरीही हंगाम गेला. मे महिन्यात दुकानदाराने सगळा माल उचलला, पोत्यांत भरून आपल्या बेळगावच्या गोदामात ठेवला. माल ताब्यात असावा एवढाच त्याचा हेतू. ऑक्टोबरात पोती उघडली तेव्हा निम्म्या कड्यांवर पांढरी-हिरवी बुरशी होती, आणि ज्यांच्यावर बुरशी नव्हती त्यांतून पिठासारखी पूड गळत होती. बारीक भुंगेरे आतून काडी पोखरत होते.

दोन्हींचं कारण काडीतच आहे. फळ उतरल्यानंतरच्या विश्रांतीत वेल पुढच्या फुटीसाठी काडीत पिष्ट साठवते. तेच बुरशीचं खाद्य आणि तेच भुंगेऱ्यांचं. कडं पूर्ण वाळून वाऱ्यावर राहिलं तर दोघांनाही थारा कमी मिळतो. बंद खोलीत, पोत्यात, सादळलेल्या हवेत ते राहिलं तर आपण त्यांना पानात वाढून दिल्यासारखं.

बाहेरच्या माणसाला बेळगाव जिल्हा एकच वाटतो. पण पश्चिमेला खानापूरच्या जंगलात कोसळणारा पाऊस आणि पूर्वेला अथणीत वाट पाहायला लावणारा पाऊस यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बेळगाव शहरात वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटर पडतो, अथणीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. जुलैत बेळगावच्या घरांत कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा बुरसते. वेलीचं कडं चार महिने तिथे ठेवणं म्हणजे ते गमावणं.

बेदाण्याची शेड

तिसऱ्या वर्षाचा तोडगा बागमालकाच्या आवारात आधीपासून उभा होता. या पट्ट्यात पुष्कळ द्राक्ष बेदाण्याला जातं. फेब्रुवारी ते एप्रिल शेडमध्ये जाळ्यांचे थरावर थर, वर छप्पर, चारही बाजूंनी वारा. बेदाणा निघाला की पुढच्या हंगामापर्यंत शेड रिकामी. खेळता वारा, सावली आणि कोरडं हवामान, कड्याला यापेक्षा काय हवं? जाळीवर कडी एकावर एक न रचता पसरली, पहिले काही दिवस वर हलकी फळी ठेवली म्हणजे वाकडी होत नाहीत. पावसाची झड येते त्या बाजूला ताडपत्री.

त्याआधी एक काम वाढवलं. वळलेली कडी गुऱ्हाळाच्या जुन्या काहिलीत उकळत्या पाण्यात काही मिनिटं बुडवून काढायची. फवारणीचे थर निघतात, किडीची अंडी असतील तर मरतात, आणि काडी पुन्हा थोडी लवचिक होते, तेवढ्यात ढिले वेढे आवळून घेता येतात. जळण म्हणून त्याच बागेतल्या रोगट काड्या.

वाळताना काडी आकसते, वेढ्यांत फटी पडतात. ऑगस्टमध्ये एकदा सगळी कडी हाताखालून घालायची, पूड गळते का ते काळ्या कापडावर आपटून बघायचं, गळत असेल ते कडं लगेच बाजूला करून जाळायचं. तिसऱ्या वर्षी अशी निघाली ती थोडकीच.

काय लावलं, काय नाही लावलं

सजावट बेळगावात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ज्या काळात हे करायचं त्याच काळात या जिल्ह्यात शेतं सामान घेऊन उभी असतात. चिकोडी, रायबाग, निपाणीकडे उसाला तुरे येतात. खानापूर-बेळगावात भाताच्या लोंब्या तयार. अथणीच्या करडईची काटेरी बोंडं आणि शाळूची छोटी कणसं फेब्रुवारी-मार्चमध्येच काढून टांगून ठेवलेली. बैलहोंगल, सौंदत्तीच्या काळ्या रानातली कापसाची उमललेली बोंडं. सुरूची फळं, निलगिरीच्या टोप्या. रंगासाठी बटणफुलं, ती वाळून वर्ष झालं तरी जांभळी-लाल राहतात. झेंडू मी वापरू देत नाही. दसऱ्यानंतर फुकट मिळतो, पण वाळला की पाकळ्या झडतात आणि कडं मळकं दिसतं.

लाल दाण्यांसाठी गटातल्या एकीने ओंजळभर गुंजा आणल्या होत्या. दिसायला त्यांच्यासारखं काही नाही. मी त्या परत पाठवल्या. गुंजेच्या बियांतलं अब्रिन हे अतिशय जहाल विष आहे, आणि कडं ज्या घरात जाणार तिथे मुलं असणार. कण्हेरीच्या फळांचंही तेच.

दुसरी मनाई रानवेलींची. खानापूरच्या बाजूच्या एकाने उक्षीच्या वेली स्वस्तात देऊ केल्या. उक्षी चिवट असते, कडंही छान होतं. पण तो भाग भीमगडचा, २०११ पासून अभयारण्य. तिथली वेल तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, छाटून पडणारी वेल हाताशी असताना उभी वेल तोडायचं काही कारण मला दिसत नाही.

नाताळाचा माल सुरळीत गेला. आगमनकाळाच्या कड्यांना मात्र एक अट घातली: मेणबत्ती थेट काडीवर बसवायची नाही, पत्र्याची वाटी हवीच. वाळलेली वेल आणि उसाचा तुरा यांना ठिणगी पुरते.

दिवाळीला मराठी घरांत हीच कडी विकावीत म्हणून दुकानदाराने काही मांडली होती. ती पडून राहिली. एका मावशींनी दुकानात स्पष्ट सांगितलं, “अहो, असलं गोल आम्ही कुणी गेल्यावर वाहतो, दाराला कसं लावू?” त्यांचं म्हणणं डावलण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे फुलांचं गोल चक्र श्रद्धांजलीचं असतं. दाराला लागतं ते तोरण. म्हणून मराठी गिऱ्हाइकासाठी कड्याचा पूर्ण गोल सोडला, काड्यांची चंद्रकोर वळली, आणि तिला भाताच्या लोंब्यांची झालर लावली. नवं धान्य दाराला बांधायची रीत खानापूर भागात आहेच, त्यामुळे हे कोणाला परकं वाटलं नाही. पांढरी फुलं टाळली. त्याच दुकानात, त्याच भावाला चंद्रकोरी संपल्या.

पैशाचं

काडी फुकट आहे म्हणून कडं स्वस्त, हा दुकानदाराचा पहिल्यापासूनचा सूर. काडी फुकट असेल, तारेवरून ती अखंड सोडवणारी बाई फुकट नाही. आम्ही हिशेब असा मांडला: दिवसभरात काडी सोडवणं, वळणं, उकळणं धरून एक बाई किती कडी पुरी करते, तेवढ्यांनी गावातली त्या दिवसाची हजेरी भागायची. त्यात पावसाळ्यातली देखरेख, शेडचं भाडं, जाळावी लागणारी कडी आणि बेळगावपर्यंतचं वाहतूक भाडं मिळवायचं. हा आकडा निघाल्यावरच नफ्याचं बोलायचं. पहिल्या दोन वर्षांत दुकानदाराने देऊ केलेला भाव या आकड्याच्या खाली होता, म्हणजे बायका आपलीच हजेरी त्याला भेट देत होत्या. आक्कांनी तो कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, आणि मग त्याने भाव वाढवला. माणूस वाईट नाही. त्याला कोणी हिशेब दाखवलाच नव्हता.

खरी ओढाताण वेळेची आहे. मजुरी एप्रिलमध्ये होते, पैसे डिसेंबरात येतात. आठ महिने थांबणं मजुरीवर जगणाऱ्या बाईला परवडत नाही. म्हणून आता ऑर्डर मार्चअखेर घेतली जाते. वळणावळीची मजुरी दुकानदार एप्रिलमध्येच देतो, सजावटीची आणि नफ्याची रक्कम नोव्हेंबरात माल उचलताना. मार्चनंतर सांगितलेली कडी गट करत नाही, कारण एप्रिलची छाटणी उरकली की वळायला काडीच नसते. मागच्या ऑक्टोबरात दुकानदाराने गोव्यातल्या एका गिऱ्हाइकासाठी चोवीस इंची कडी मागितली, आक्कांनी फोनवरच नाही म्हणून सांगितलं.

बागमालकाशी करार तोंडी होता, तो तिसऱ्या वर्षी कागदावर आला. एक प्रत कानडीत, एक मराठीत. त्यात कोणत्या जाडीची काडी गटाची, तळाचा काप कोणी द्यायचा, शेडचं भाडं किती, हे आहे. एका कलमावर अजून बोलणी चालू आहेत. मालकाला शेड धुऊन, जाळ्या दुरुस्त करून ठेवायला डिसेंबरच्या सुरुवातीलाच मोकळी हवी, आणि चंद्रकोरीची मागणी आता संक्रांतीपर्यंत येऊ लागली आहे. उरलेली कडी त्या महिना-दीड महिन्यात कुठे ठेवायची, यासाठी आक्का गावातल्या दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या माळवदाच्या घराची वरची खोली बघून आल्या आहेत. तिला दोन्हीकडून खिडक्या आहेत.